शिफारशीचें मोल

वाङ्मयाच्या चर्चेस वाहिलेल्या या पृष्ठांवर आम्ही या वेळीं जो विषय घेतला आहे तो पाहून कांहीं वाचक विस्मित होतील, हें आम्हांस ठाऊक आहे. काव्य, नाटक, कादंबरी, फार तर एखादें चरित्र, हे टीकेचे सर्वमान्य विषय होत. नोकरीधंद्यांतल्या माणसांनीं एकमेकांशीं ओळखी जोडाव्या म्हणून निघालेलें एखादें समाजमाध्यम हा टीकेचा विषय कसा व्हावा? याचें उत्तर असें कीं, जेथें माणसें स्वतःविषयीं लिहितात, दुसऱ्याविषयीं लिहितात, आणि त्या लिहिण्यावर विसंबून तिसरा मनुष्य कांहीं निर्णय घेतो, तेथें वाङ्मय उत्पन्न झालेलेंच असतें. तें चांगलें कीं वाईट एवढाच प्रश्न उरतो. आणि तो प्रश्न विचारणें हें टीकाकाराचें काम आहे.

लिंक्डइन हें त्या माध्यमाचें नांव. अमेरिकेंत रीड हॉफमन व त्यांचे सहकारी यांनीं तें २००२ सालीं स्थापिलें, २००३ च्या मे महिन्यांत लोकांस खुलें केलें, आणि २०१६ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें तें सुमारें २६ अब्ज डॉलरांस विकत घेतलें. इतर समाजमाध्यमें स्नेह्यासोबत्यांच्या गप्पांकरितां निघालीं. हें निघालें तें धंद्याच्या ओळखीकरितां. आज जगांत त्याचे सभासद १०० कोटींहून अधिक आहेत, आणि अमेरिकेच्या खालोखाल सर्वांत अधिक सभासद भारतांत, म्हणजे १० कोटींच्या वर आहेत. यांतील प्रत्येकानें आपल्या शिक्षणाचा, कामाचा व आकांक्षांचा थोडाफार वृत्तांत तेथें स्वहस्तें लिहिलेला आहे. त्यास प्रोफाइल असें म्हणतात. आत्मवृत्तांचा एवढा मोठा संग्रह पूर्वीं कधीं झाला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आम्ही हा विचार करितों तो भद्रावतीस बसून. नागपूरहून चंद्रपुरास जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. येथल्या रेल्वेस्थानकाला अजून भांदक हेंच जुनें नांव आहे. विजासनचीं बौद्ध लेणीं, भद्रनागाचें देऊळ आणि पार्श्वनाथाचें जैन मंदिर हें गांवाचें प्राचीन वैभव. चांद्याची आयुधनिर्माणी आणि भोंवतालच्या कोळशाच्या खाणी हा त्याचा अर्वाचीन संसार. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरची विचारपूस केली तर बाप खाणींत, काका निर्माणींत, मामा शेतीवर असें उत्तर मिळतें. पुण्याच्या किंवा हैदराबादेच्या कचेरींत ज्याच्या शब्दाला वजन आहे असा नातलग क्वचितच कोणाला असतो. हीं मुलें पदवी हातीं पडण्यापूर्वींच या माध्यमावर नांव घालतात, आणि "सर, आमचें लिहिलेलें जरा तपासून द्या," म्हणून आमच्याकडे येतात. तें तपासतां यावें म्हणून आम्हींही तेथें नांव घातलें, आणि गेले सहा महिने दररोज अर्धा तास याप्रमाणें हें वाङ्मय वाचलें. पुढील विवेचन त्या वाचनाचें फळ होय.

ओळखीवांचून काम नाहीं, ही गोष्ट नवी नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 'गांवगाडा' या १९१५ सालच्या ग्रंथांत बलुत्या-अलुत्यांची जी व्यवस्था वर्णिली आहे, तींत सुताराला किंवा कुंभाराला काम शोधीत हिंडावें लागत नसे. जन्म हेंच त्याचें शिफारसपत्र होतें. आणि जन्म हीच त्याची बेडीही होती. पुढें मुंबईच्या कापडगिरण्या निघाल्या, तेव्हां जॉबर आपल्या गांवचीं, आपल्या जातीचीं माणसें भरती करूं लागला. तो त्यांच्याकडून दस्तुरी उकळी, पण अडल्या वेळीं त्यांस सांभाळूनही घेई. त्याची ही सत्ता आवरावी म्हणून १९३५ सालीं मुंबईच्या गिरणीमालकांनीं बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. या दोन्ही व्यवस्थांत एक गुण व एक दोष एकमेकांस चिकटून होते. गुण हा कीं, ज्यानें माणूस आणला तो त्या माणसाबद्दल उत्तरदायी असे. आणलेला माणूस कामचुकार निघाला तर आणणाराची पत जाई. दोष हा कीं, ज्याला आणणारा कोणी नाहीं त्याला दार बंद.

हा दोष गिरण्यांबरोबर गेला असें मात्र कोणीं समजूं नये. सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनीं २००७ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. तींत सारख्याच शिक्षणाचे अर्ज निरनिराळ्या आडनांवांनीं खासगी कंपन्यांस पाठविले होते. उच्चवर्णीय हिंदु आडनांवाच्या अर्जांना जसा प्रतिसाद आला तसा दलित आडनांवाच्या अर्जांना आला नाहीं, आणि मुसलमान नांवाच्या अर्जांना तर त्याहूनही कमी आला. ज्या चंद्रपुरांत १९५६ च्या १६ ऑक्टोबरला डॉ. आंबेडकरांनीं धम्मदीक्षा दिली, त्या जिल्ह्यांतील शिक्षकाच्या वर्गांत अशीं आडनांवें रोज हजेरीला 'हजर' म्हणतात. तेव्हां जुन्या ओळखींच्या जागीं नवें, सर्वांस मोकळें असें ओळखीचें साधन निघालें, तर त्याचें स्वागत प्रथम आम्हीं केलें पाहिजे. तें साधन आपलें काम करितें किंवा नाहीं, हें पाहणेंही मग आमच्यावरच येतें.

हें काम कोणतें? १९७३ सालीं मार्क ग्रानोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें विरळ ओळखींच्या सामर्थ्याविषयीं एक निबंध लिहिला. बोस्टन शहरालगतच्या न्यूटन गांवीं ज्यांनीं नुकतीच नोकरी बदलली होती अशा लोकांस त्यानें विचारपूस केली. ओळखीतून ज्यांस काम लाभलें होतें, त्यांपैकीं वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून तें लाभलेले सुमारें १७ टक्केच निघाले. बाकीच्यांस तें अधूनमधून किंवा क्वचित् भेटणाऱ्या माणसाकडून लाभलें होतें. याचें कारण उघड आहे. जो रोज आपल्यासंगें बसतो त्याला ठाऊक असलेली बातमी आपल्यालाही ठाऊक असते. दूरच्या ओळखीचा मनुष्य निराळ्या मंडळींत वावरतो. म्हणून आपल्या कानीं न आलेली गोष्ट त्याच्या कानीं आलेली असते.

हें तत्त्व समजण्यास भद्रावतीकरांना परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. आपल्या गांवच्या शिवारांत विजेचें एक मोठें स्थानक आहे. पूर्वीं पश्चिम भारताचें वीजजाळें आणि दक्षिण भारताचें वीजजाळें हीं दोन निरनिराळीं होतीं. दोघांच्या प्रवाहाचें आवर्तन एका तालांत नव्हतें, त्यामुळें तीं सरळ जोडतां येत नसत. १९९७ च्या सुमारास येथें प्रत्येकीं ५०० मेगावॉटचीं दोन यंत्रें चालू झालीं. एका बाजूचा उलटसुलट वाहणारा प्रवाह तेथें एकदिश करितात, आणि त्याच आवारांत पुन्हा दुसऱ्या बाजूच्या तालावर उलटसुलट करून पुढें सोडतात. पुढें २०१३ च्या अखेरीस रायचूर-सोलापूर वाहिनीनें दोन्ही जाळीं एका तालांत आलीं. परंतु त्यापूर्वींचीं सोळा वर्षें या दोन मुलखांमध्यें जे मोजके दुवे होते, त्यांत आपल्या गांवचा एक होता. दोन्हीकडच्या अवाढव्य पसाऱ्याच्या मानानें हा दुवा बारीकच. तरी ज्या वेळीं एकीकडे तुटवडा व दुसरीकडे शिल्लक असे, त्या वेळीं त्याचें मोल त्याच्या जाडीवरून ठरत नसे. तो दोन भिन्न मुलखांच्या मध्यें उभा होता यावरून ठरत असे. विरळ ओळखीचें मोलही असेंच ठरतें.

'सायन्स' या नियतकालिकांत २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें लिंक्डइनच्याच २ कोटींहून अधिक सभासदांची पांच वर्षांची माहिती घेऊन हें तत्त्व पारखलें. निष्कर्ष असा निघाला कीं, अगदीं जवळची नव्हे आणि अगदीं नांवापुरतीही नव्हे, अशी मध्यम विरळ ओळख नोकरी बदलण्यास सर्वांत उपयोगीं पडते. त्यांत आणखी एक बारकावा होता. ज्या धंद्यांत संगणकाचा वापर अधिक, तेथें विरळ ओळखींचा लाभ अधिक. जेथें तो कमी, तेथें जवळच्या ओळखीच अजून काम करितात. ज्या पोराला पुण्यांत संगणकाचें काम करावयाचें आहे त्याला हें साधन हात देईल. ज्याला वरोऱ्याच्या किंवा घुग्घुसच्या कारखान्यांत फिटर व्हावयाचें आहे त्याला अजून तेथला मिस्त्रीच हात देईल, असा याचा आमच्यापुरता अर्थ.

परंतु नुसता दुवा असून भागत नाहीं. त्यांतून कांहीं वाहिलें पाहिजे. जगांतील कोणतींही दोन माणसें पांच-सहा ओळखींच्या अंतरावर आहेत, असें आज सर्रास बोललें जातें. ही कल्पना फ्रिजेश कारिंथी या हंगेरियन लेखकाच्या १९२९ सालच्या एका कथेंत आहे. तिची परीक्षा स्टॅन्ले मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानें साठोत्तर वर्षांत पाहिली. बोस्टनमधील एका दलालाला पोंचविण्याचें पाकीट २९६ माणसांच्या हातीं देण्यांत आलें. अट एवढीच कीं, दलाल स्वतःच्या ओळखीचा नसल्यास तें स्वतःच्या ओळखीच्या, आणि दलालाच्या अधिक जवळ असेल अशा माणसाकडे धाडावें. जीं पाकिटें पोंचलीं तीं सरासरी पांच मध्यस्थांतून पोंचलीं, ही गोष्ट जगानें लक्षांत ठेविली. पोंचलीं फक्त ६४, ही गोष्ट जग विसरलें. बाकीच्या २३२ पाकिटांना वाट नव्हती असें नाहीं. वाटेवरच्या कोणाला तरी तें पुढें धाडावेंसें वाटलें नाहीं. ओळखीच्या सांखळींत दुर्मिळ वस्तु कडी नव्हे, पुढें धाडण्याची इच्छा ही होय. आणि ती इच्छा कशानें उत्पन्न होते? "हा मनुष्य असा आहे, मी त्याला पाहिला आहे," या एका विश्वसनीय वाक्यानें. म्हणजे प्रश्न पुन्हा वाङ्मयाचाच झाला.

आतां या माध्यमावरचें वाङ्मय पाहूं. त्याचे तीन प्रकार आहेत: आत्मपरिचय, उपदेशपर अनुभवकथन, आणि परस्परप्रशंसा.

आत्मपरिचयाचा सर्वांत ठळक दोष म्हणजे त्यांत विशेषणें फार व क्रियापदें थोडीं. लिहिणारा ध्येयनिष्ठ असतो, उत्साही असतो, परिणामांवर दृष्टि ठेवणारा असतो. परंतु त्यानें काल काय केलें तें समजत नाहीं. मराठींत आत्मवृत्ताची परंपरा लहान नाहीं. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० सालीं निघाल्या, धोंडो केशव कर्वे यांचें 'आत्मवृत्त' १९१५ सालीं निघालें, आणि लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागांनीं आलीं. या ग्रंथांतून लेखकाचा मोठेपणा वाचकाला पटतो, तो लेखक त्याचा उच्चार करितो म्हणून नव्हे. कोणत्या दिवशीं कोणतें संकट आलें, घरच्यांनीं काय बोल लावले, कोणती गोष्ट साधली व कोणती राहून गेली, हें तपशिलानें सांगितलें म्हणजे निष्कर्ष वाचक आपण होऊन काढितो. कामाच्या अर्जांत एवढा विस्तार नको, हें मान्य. परंतु नियम तोच आहे: लेखकानें कृति सांगावी आणि विशेषण वाचकाला ठेवावें.

दुसरा प्रकार अनुभवकथनाचा. याची घडण इतकी ठराविक झाली आहे कीं, चारपांच नमुने वाचल्यावर सहावा न वाचतां सांगतां येतो. प्रत्येक वाक्याचा निराळा परिच्छेद, आरंभीं एखादा अपमान किंवा अपयश, मध्यें एक अनोळखी उपकारकर्ता, शेवटीं तात्पर्य. इसापनीतींतही तात्पर्य असतें. पण तेथें कोल्हा व द्राक्षें तरी असतात! येथें नोकरी गेली तरी ती भाग्याची पहांट ठरते, आजारपण आलें तरी तें नेतृत्वाचा पाठ देऊन जातें. दुःखाचें दुःखपण इतक्या लगबगीनें नाहींसें करणारा लेखक आपल्यालाही फसवितो व वाचकालाही. ज्याच्या घरीं खाण बंद पडल्यामुळें चूल मंदावली आहे, अशा मुलानें हें वाचलें म्हणजे त्याला वाटूं लागतें कीं, दोष आपल्याच वृत्तींत आहे. साहित्यांतील खोटेपणा निरुपद्रवी नसतो, याचें आणखी वेगळें प्रमाण नको.

तिसरा प्रकार प्रशंसेचा, आणि आमच्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा. येथें दोन सोयी आहेत. एक, परिचितानें चार ओळी लिहून केलेली शिफारस. ही जुन्या शिफारसपत्राची वारसदार. दुसरी २०१२ सालीं निघाली. तिला एंडॉर्समेंट असें म्हणतात. एखाद्याच्या नांवाखालीं 'अध्यापन', 'लेखापालन', 'नेतृत्व' असे गुण मांडलेले असतात, आणि ओळखीच्या कोणींही बोटाच्या एका स्पर्शानें त्या गुणाला आपली साक्ष जोडावी. साक्ष देणारानें काय पाहिलें, कधीं पाहिलें, हें तेथें विचारलें जात नाहीं. साक्ष खोटी निघाली तर त्याचें कांहीं जात नाहीं. अभिनंदनाचीही तीच स्थिति. कोणाला बढती मिळाली कीं तयार शब्द समोर येतात, आणि आपण त्यांवर बोट टेंकावयाचें असतें. ज्या शब्दाकरितां बोलणाराला कांहींच द्यावें लागत नाहीं, त्या शब्दाचें ऐकणारानें तरी काय मोल द्यावें?

यावर कोणी आक्षेप घेईल कीं, आपल्या जुन्या पत्रांतही हेंच नव्हतें काय? 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति विशेष' हा मायना काय लिहिणाऱ्यानें अंतःकरणांतून लिहिला? आक्षेप योग्य आहे आणि त्याचें उत्तर दिलें पाहिजे. मायना ठराविक होता, यांत शंका नाहीं. परंतु तो पत्राच्या मस्तकावर असे. समाप्तीचें वाक्य पायथ्याशीं असे. आणि मधल्या जागेंत कर्ज, लग्न, आजारपण, पीकपाणी, कोर्टाची तारीख असा खरा मजकूर असे. वाचणाराही मायना डोळ्यांखालून घालून पुढें जाई. त्यावर विसंबून कोणी मुलगी देत नसे किंवा कारकून ठेवीत नसे. नव्या लेखनांत मायना वाढत वाढत सबंध पत्र व्यापून बसला आहे, आणि वाचणारानें त्यालाच मजकूर समजावें अशी अपेक्षा आहे. आमची तक्रार शिष्टाचाराविरुद्ध नाहीं, शिष्टाचारानें साक्षीचें आसन बळकावलें याविरुद्ध आहे.

भाषेविषयीं दोन शब्द. या माध्यमाचा दर्शनी भाग अलीकडे मराठींतही मिळूं लागला आहे. तथापि आमच्या वाचनांत आलेले आमच्या मुलांचे बहुतेक आत्मपरिचय इंग्रजींतच होते. परदेशीं किंवा परप्रांतीं काम हवें असेल त्यानें इंग्रजींत लिहावें, हें योग्यच आहे. पण परकी भाषा अर्धवट येत असली म्हणजे माणूस स्वतःची वाक्यें न करितां तयार वाक्यें उचलतो, आणि तयार वाक्यांत स्वतःचें काम मावत नाहीं. म्हणून आम्हीं मुलांना असा परिपाठ घालून दिला आहे: प्रथम मराठींत लिहा, घरीं आईला वाचून दाखवा, तिला तुमचें काम समजलें तर मग त्याचें इंग्रजी करा. आईला जें समजत नाहीं, तें बहुधा लिहिणारालाही समजलेलें नसतें.

एवढी टीका केल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणें मांडली पाहिजे. या आत्मस्तुतीला हंसणें सुशिक्षित मध्यमवर्गाला फार सोपें आहे. आपण स्वतःविषयीं बोलूं नये, आपलें काम बोलेल, हा संस्कार आमच्यावरही झाला आहे, आणि तो चांगला आहे. परंतु तो कोणाला परवडतो, हाही विचार करावा. ज्याच्या वतीनें बोलणारा मामा कचेरींत आहे, ज्याच्या वडिलांचे मित्र तीन कंपन्यांत आहेत, त्याला विनय शोभतो व परवडतोही. त्याची स्तुति दुसरे करितात, आणि तो खालीं पाहून ऐकतो. ज्याच्या सात पिढ्यांत कचेरीची पायरी कोणी चढला नाहीं, त्याच्या वतीनें बोलणार कोण? त्यानें तोंड उघडलें नाहीं तर तो विनयी ठरत नाहीं, तो दिसतच नाहीं. अशा मुलानें किंवा मुलीनें आपलें नांव, आपला चेहरा व आपली विद्या जगापुढें ठेवण्याचें धैर्य केलें, तर त्या धैर्याची थट्टा करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्यांची भाषा उसनी आहे याचा दोष त्यांच्याकडे थोडा, आणि स्वतःविषयीं खरें व नेमकें कसें बोलावें हें ज्यांनीं कधीं शिकविलें नाहीं त्या आम्हां शिक्षकांच्या वर्गाकडे पुष्कळ आहे.

शिवाय हेंही नमूद केलें पाहिजे कीं, दार मोकळें असलें तरी आंत जाणाऱ्याच्या कपाळावरचें आडनांव पुसलें जात नाहीं. प्रोफाइलच्या शिरोभागीं प्रथम नांव व छायाचित्र दिसतें, काम मागाहून. थोरात-अॅटवेल यांच्या पाहणींत जें पाकिटावरच्या नांवानें घडलें, तें येथें पडद्यावरच्या नांवानें घडणार नाहीं, अशी ग्वाही कोणीं द्यावी? म्हणून नेमक्या साक्षीची गरज जर कोणाला सर्वांत अधिक असेल, तर ती याच मुलांना. ज्याचें आडनांवच त्याची जाहिरात करितें त्याचें पोकळ विशेषणांवर भागतें. ज्याचें आडनांव त्याच्या आड येतें त्याला पुरावा पाहिजे.

मग चांगलें लेखन कसें असावें? दोन नमुने शेजारीं ठेवूं. एक असा: 'मी एक ध्येयवेडा, कष्टाळू आणि सतत शिकण्यास उत्सुक असा तरुण अभियंता आहे.' दुसरा असा: 'चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत एक वर्ष उमेदवारी केली. पंपांच्या मोटारी उतरविणें, बेअरिंगें बदलणें व मोटारी पुन्हा बसविणें हें काम मिस्त्रीच्या हाताखालीं केलें. वायंडिंग अद्यापि येत नाहीं, शिकावयाचें आहे.' दुसऱ्यांत कष्टाळू हा शब्द नाहीं. तथापि लिहिणारा कष्टाळू आहे हें वाचणाराला समजतें, आणि तो खरें बोलणारा आहे हेंही समजतें. 'येत नाहीं' या दोन शब्दांनीं आधींच्या सर्व वाक्यांना वजन आणलें आहे. वाणिज्य शाखेच्या मुलीनें घाऊक दुकानाचे दोन वर्षांचे हिशेब टॅलीवर ठेवले असतील, जीएसटीचीं विवरणपत्रें वेळेवर भरलीं असतील, तर तिनें तेंच लिहावें. 'आर्थिक व्यवस्थापनाची आवड' असें लिहून त्या खऱ्या कामावर पांघरूण घालूं नये.

शिफारशीलाही हाच नियम. शिक्षकानें लिहावें तें असें: 'ही विद्यार्थिनी तीन वर्षें आमच्या वर्गांत होती. इरई नदीच्या पाण्याचे नमुने तपासतांना आंकडे जुळेनात, तेव्हां ते जुळविण्याऐवजीं ती पुन्हा नदीवर गेली. सभेंत बोलण्यास अजून बिचकते.' असें पत्र वाचणाऱ्याला पुढें धाडावेंसें वाटतें, कारण लिहिणाऱ्यानें त्यांत स्वतःची पत गुंतविली आहे. अशीं पत्रें वर्षाला शंभर लिहितां येत नाहींत, दहाच लिहितां येतात. आणि दहाच लिहितां येतात म्हणूनच त्यांना मोल असतें. ज्या मुलाचें काम आपण पाहिलें नाहीं त्याला नाहीं म्हणणें जड जातें, विशेषतः आपल्या लहान गांवांत, जेथें त्याचा बाप उद्यां बाजारांत भेटणार असतो. पण तें नाहीं म्हटल्यावांचून दुसऱ्याच्या होकाराला अर्थ उरत नाहीं.

सारांश, आमचा अभिप्राय असा. ओळखीचें साधन म्हणून हें माध्यम उपयुक्त आहे, आणि ज्यांस वाडवडिलांच्या ओळखी नाहींत त्यांस तें अधिक उपयुक्त आहे. त्यांनीं तें निःशंक वापरावें. वाङ्मय म्हणून, तेथलें जें आम्हीं वाचलें त्यांतील बहुतेक निकृष्ट आहे. आणि हीं दोन विधानें एकमेकांपासून वेगळीं नाहींत; कारण वाङ्मय पोकळ असलें कीं साधनही निकामी होतें, दुवा उभा राहतो आणि प्रवाह वाहत नाहीं. जुन्या व्यवस्थेंत शब्दाला उत्तरदायित्व होतें, पण दार बंद होतें. नव्या व्यवस्थेंत दार उघडें आहे, पण शब्दाला कोणी धनी नाहीं. उघडें दार पुन्हा बंद व्हावें असें कोणी म्हणणार नाहीं. राहिलें तें काम शब्दाला धनी मिळवून देण्याचें. आणि तें अमेरिकेंतील कोणत्याही कंपनीच्या हातचें नाहीं. जो शिक्षक, जो मिस्त्री, जो दुकानदार एखाद्या मुलाचें काम डोळ्यांनीं पाहतो, त्यानें तें पाहिलें तेवढेंच, पण आपल्या नांवानिशीं लिहावें. खाणीवर किंवा निर्माणींत ज्यांचीं वर्षें गेलीं अशा वडील मंडळींनाही हें करतां येईल. तें लिहिण्यास पदवी लागत नाहीं, पाहिलेलें असावें लागतें.